सगळ्यांच्या परवानगीची बस

आमच्या घरात एखादी गोष्ट माझ्यापासून लपवायची असली, तर ती माझ्या डोळ्यांसमोर ठेवतात. दिवाळीचे लाडू जेवणाच्या टेबलावर, वाढदिवसाची भेट टीव्हीवर, आणि डॉक्टरांनी बंद केलेल्या लोणच्याची बरणी माझ्या चष्म्याच्या डबीशेजारी. मला काही दिसत नाही. ही पद्धत बायकोने शोधून काढली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, कंपनीच्या बसमुळे. ती हकीकत आता लिहूनच ठेवतो. मुलगी म्हणते, बाबा दर वेळी वेगळी सांगतात. एकदा लिहिली की निदान त्यांना स्वतःला तरी ती बदलता येणार नाही.

मी तेव्हा पावणे गावाजवळच्या औद्योगिक पट्ट्यात, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्सला होतो. कारखान्यात कम्प्युटर आला आणि तो सांभाळायला माझी निवड झाली. मी हुशार म्हणून निवड झाली, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. खरं कारण असं की माझी खुर्ची खिडकीपाशी होती, आणि ती खिडकी कम्प्युटरच्या एअर कंडिशनरला हवी होती. माणूस हलवायचाच आहे तर कम्प्युटरवर हलवा, असा विचार वरच्यांनी केला असावा. मला मुंबईला शिकायला पाठवलं. परत आलो तो एकदम यंत्राचा मालक होऊन.

यंत्र कपाटाएवढं. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावायचं. त्याला जोडलेले पडदे आणि कीबोर्ड चार खात्यांत ठेवलेले होते. अकाउंट्स, स्टोअर्स, डिस्पॅच आणि पर्सोनेल. म्हणजे यंत्र एकच, पण त्याच्याशी बोलणारे पुष्कळ. म्हणून तर त्यात परवानग्यांची भानगड होती. प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसं: तिचा मालक, मालकाचं खातं आणि बाकीचं सगळं जग. प्रत्येकाला तीन गोष्टींची मुभा द्यायची किंवा नाकारायची: वाचायची, लिहायची आणि चालवायची. प्रत्येक मुभेला आकडा ठरलेला: वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक. तिन्ही दिल्या की बेरीज सात. शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं, सात फक्त मालकाला. बाकीच्यांना लागेल तेवढंच.

मी आल्याआल्या सगळं त्यांनी सांगितलं तसं केलं. पहिल्याच आठवड्यात स्टोअर्सचे काका माझ्याशी बोलायचे बंद झाले.

काका म्हणजे स्टोअर्सचे प्रमुख, निवृत्तीकडे झुकलेले, मूळचे साताऱ्याकडचे. कारखान्यात त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांनी कुठलीशी फाइल उघडायला घेतली आणि पडद्यावर इंग्रजीत आलं, परवानगी नाही. काकांनी ते दोनदा वाचलं. मग पडदा बंद केला, कम्प्युटरच्या खोलीपर्यंत चालत आले, दाराशी चपला काढल्या आणि आत न येताच म्हणाले, "तुझ्या लग्नात जिलबी वाढली मी. घामाने सदरा भिजला होता. आणि तुझं मशीन मला म्हणतं, परवानगी नाही?"

मी समजावायला गेलो की ते मी म्हणत नाही, यंत्र म्हणतं. काका म्हणाले, यंत्राला शिकवलं कोणी. त्यानंतर कॅन्टीनमध्ये ते माझ्याकडे पाठ करून बसायचे. डिस्पॅचचे लोकही माझ्याकडे बघून कुजबुजू लागले. काकांना नाही म्हणणारा माणूस आपल्याला काय हो म्हणणार, अशी ती कुजबूज.

आता तुम्हाला आमची बिल्डिंग कशी होती ते सांगायला हवं, म्हणजे मी पुढे काय केलं ते समजेल. वाशीत तेव्हा सगळेच नवे. कुणी कोकणातले, कुणी मराठवाड्यातले, आमच्यासारखे कुणी कुर्ल्याच्या दीड खोलीतून सुटून आलेले. ओळखी नव्हत्या म्हणून दारं उघडी असायची. सकाळी उघडलेलं दार जेवणं झाल्यावरच बंद व्हायचं. मधेच बंद दिसलं तर त्याचा अर्थ घरात कुणी आजारी आहे किंवा नवराबायकोचं बिनसलंय. आम्ही एकदा डासांमुळे दार लावून घेतलं, तर काय झालंय ते बघायला समोरून वाटीभर आमटी आली.

अशा बिल्डिंगमधून रोज कामाला जाणारा माणूस मी. मला कुणाच्या तोंडावर दार लावणं कुठून जमणार? एका दुपारी मी यंत्रापुढे बसलो आणि एकाच हुकमात सगळ्या फाइलींना सगळ्यांसाठी सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. सात, सात, सात. मालकाला सात, खात्याला सात, जगाला सात. मग काकांना फोन करून म्हटलं, आता उघडून बघा. उघडली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी स्वतःच्या डब्यातली मेथीची भाजी माझ्या ताटात वाढली. सरांनी शिकवलेलं सगळं त्या भाजीबरोबर माझ्या पोटात गेलं.

पुढे काही महिने छान गेले. फक्त कॅन्टीनच्या जेवणाची फाइल होती, तिच्यात बुधवारचा दुधीभोपळा दर आठवड्याला आपोआप बटाटा व्हायचा. मी यंत्राचा दोष समजून दोन वेळा तक्रार नोंदवली.

आणि मग बस आली. म्हणजे बस आधीपासून होतीच. कळंबोलीच्या एका कंत्राटदाराकडून भाड्याने घेतलेली. सकाळी आम्हाला उचलायची, संध्याकाळी वाशीभर सोडत यायची, शेवटी आमच्या बिल्डिंगपाशी रिकामी व्हायची आणि कळंबोलीला मुक्कामी जायची. ड्रायव्हर खाडीकाठच्या गावातला, स्वभावाने गरीब. "जरा इथे थांबव रे" असं कुणीही म्हटलं की थांबवायचा. पर्सोनेलच्या साहेबांनी कंटाळून बसचं वेळापत्रक माझ्याकडे दिलं. म्हणाले, कम्प्युटरवर टाका, म्हणजे कुणाला वाद घालता येणार नाही. मी टाकलं. दर आठवड्याला त्याचा छापील कागद निघायचा, दोन्ही कडांना भोकं असलेला, हिरव्या पट्ट्यांचा, आणि तो ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर चिकटवायचा. पहिला कागद लावला त्या दिवशी मी ड्रायव्हरला बसमध्येच, सगळ्यांच्या देखत, एक छोटंसं भाषण दिलं. यापुढे तोंडी कुणाचं ऐकायचं नाही. साहेबांचं नाही, माझंही नाही. कम्प्युटरच्या कागदावर असेल तेवढंच खरं.

ड्रायव्हरने मान डोलावली. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नाही म्हणायचं शस्त्र दिलं होतं, आणि त्याला ते फार आवडलं.

लोकांच्याही लक्षात आलं की आता ड्रायव्हरच्या कानाशी लागून उपयोग नाही, फाइलच्या कानाशी लागायला हवं. आणि फाइल तर सगळ्यांना उघडी. काकांनी आपला थांबा कोपऱ्यावरून उचलून घराच्या फाटकापाशी आणला. अकाउंट्सच्या एकाने आपल्या थांब्यावर सकाळी पाच मिनिटं जास्त घातली, कारण त्याच्या बायकोची पोळी तव्यावर असायची. डिस्पॅचवाल्यांनी शुक्रवारी खाडीजवळ मासळीसाठी एक थांबा घेतला. कुणी दळण टाकायला, कुणी सासूला घ्यायला. विशेष म्हणजे कुणीही दुसऱ्याचं काही खोडलं नाही. फक्त आपलं घातलं. इतक्या सभ्यपणे एखाद्या वेळापत्रकाची वाट लागलेली मी पाहिली नाही. बस वाशीत शिरली की नात्यातल्या एखाद्या आत्याबाईंसारखी घरोघर टेकत टेकत यायची.

मला हे सगळं दिसत होतं का? दिसत होतं. खरं तर मला त्याचं कौतुकच वाटायचं. संध्याकाळी बिल्डिंगच्या जिन्यात गप्पांचा अड्डा जमायचा तेव्हा मी सांगायचो, आमच्या यंत्रावर कुणीही काहीही लिहावं, कसलीही आडकाठी नाही, कुटुंबासारखं आहे. ऐकणाऱ्यांत बायको असायची. समोरच्या ताईही असायच्या. ताई मराठवाड्यातल्या, आमच्याच कारखान्यात पर्सोनेलला टायपिस्ट. आमटी त्यांचीच आली होती. बसच्या कागदाची छपाई करून तो फळीवर लावायचं काम मी त्यांच्याकडे दिलं होतं, कारण मला खळ लावायचा कंटाळा.

आता बायकोचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यासाठी आहे. बी.ए.चा तिचा एकच पेपर राहिला होता. पहिल्यांदा राहिला तो आमच्या लग्नाच्या मुहूर्तामुळे. दुसऱ्यांदा, मुलगी नेमकी त्याच आठवड्यात जन्मली म्हणून. दोन्ही वेळा पुस्तकं मात्र तिने माळ्यावर टाकली नाहीत. वाशीत नवी शाळा निघाली होती आणि तिथल्या बाईंनी तिला सांगितलं होतं, निकाल घेऊन या, जागा तुमची. यंदाही नाही झालं तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार, हे तिला माहीत होतं, मलाही.

पेपर शनिवारी दुपारी तीनला, पनवेलच्या कॉलेजात. शनिवारी आम्हाला अर्धा दिवस. म्हणजे मी बसने दीडपर्यंत घरी यायचं, मुलीला ताब्यात घ्यायचं, आणि हिने एसटी पकडून पनवेल गाठायचं. मी हे तिला बोटांवर मोजून समजावलं.

ती मुलीला भरवता भरवता म्हणाली, "तुमची बस दीडला येते?"

"कागदावर दीडच आहे."

"आजकाल तुमची बस येईपर्यंत पुढचा सण उजाडतो," असं म्हणून तिने मुलीचं तोंड पुसलं. मला वाटलं, पटलं.

शुक्रवारी मुंबईहून यंत्राच्या कंपनीचा इंजिनियर देखभालीला आला. तरुण, घाईत असलेला, कपाळावर कायमची आठी. त्याने फाइलींची यादी पडद्यावर काढली आणि सात-सात-सात अशा त्या रांगेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा कम्प्युटर आहे की धर्मशाळा?"

मी म्हटलं, आमच्याकडे सगळी चांगली माणसं आहेत. वाईट करणारा कुणी नाही.

"साहेब, वाईट माणूस लागतच नाही," तो म्हणाला. "चांगला माणूस पुरतो. उद्या कुणी भल्या मनाने पगाराची फाइल आवरायला घेतली, किंवा जेवून कीबोर्डवर झोपला, तर काय कराल?"

कॅन्टीनच्या बटाट्याचं रहस्य तेव्हा मला उलगडलं. पण डोक्यात शिरलं ते वेगळंच. उद्या शनिवार. बस थांबत थांबत आली, तर हिचा पेपर तिसऱ्यांदा बुडणार, आणि या वेळी मुहूर्त नाही, बाळंतपण नाही, कारण मी.

इंजिनियर गेल्यावर मी कंबर कसली. बसच्या वेळापत्रकाची अगदी पहिली, स्वच्छ प्रत मी जपून ठेवली होती. ती काढली आणि फाइलवर सरळ ओतली. मासळी गेली, दळण गेलं, सासू गेली, काकांचं फाटक गेलं. आधी त्या फाइलमध्ये काय काय आहे ते उघडून बघावं, असं मनातही आलं नाही. वाचायची परवानगी मला होती. वाचलं मात्र नाही. मग कुलूप. लिहायची परवानगी मालकाला, म्हणजे मला, एकट्याला. नवा कागद छापला, फळीवर ताईंनी सोमवारीच त्या आठवड्याचा कागद लावून ठेवला होता, त्याच्यावरच माझा चिकटवला. खळ नव्हती म्हणून चार कोपऱ्यांना डिंकाचे थेंब. घरी जाताना छाती इतकी फुगली होती की शर्टाचं बटण सुटलं. घरी काही सांगितलं नाही. म्हटलं, उद्या बघेल ती वेळेवर आलेली बस.

शनिवारी बस वेळेवर निघाली आणि आत दंगल उसळली. अकाउंट्सच्या एकाचा सासूला घ्यायचा थांबा नव्हता. डिस्पॅचवाल्यांची दळणाची पिशवी मांडीवर तशीच. ड्रायव्हर प्रत्येकाला अंगठ्याने मागची फळी दाखवायचा आणि गाडी हाणायचा. काकांचा जुना कोपरा आला तेव्हा गाडी थांबली, पण काका उठले नाहीत. म्हणाले, मी माझ्या फाटकापाशी उतरेन. ड्रायव्हर म्हणाला, फाटक कागदावर नाही. काका म्हणाले, मग मी उतरत नाही. आणि खरंच उतरले नाहीत. हात छातीशी बांधून, थेट माझ्या मानेवर नजर रोखून बसून राहिले.

दीडच्याही आधी आम्ही आमच्या बिल्डिंगपाशी. बसमध्ये मी आणि काका एवढेच उरलेले. आणि खाली फाटकात बायको उभी, इस्त्रीची साडी, हातात पेन आणि हॉल तिकीट, कडेवर मुलगी. शेजारी समोरच्या ताई, त्या दिवशी रजेवर असलेल्या. मी उतरलो. हिने मुलगी माझ्याकडे दिली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता बसची पायरी चढली.

"वैनी, कुठं?" ड्रायव्हर म्हणाला.

"पनवेल. कॉलेजच्या गेटपाशी."

ड्रायव्हरने मागे वळून कागदावर बोट फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं. "कागदावर नाय, वैनी. इथनं गारी खाली कलंबोलीला जाते."

तेव्हा मला समजलं. सगळं एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने. ही जिन्यात ऐकत होती. ताईही ऐकत होत्या. कुणीही काहीही लिहावं, असं मीच रोज ओरडून सांगत होतो. मग ताईंनी आपल्या पडद्यावरून, शनिवारच्या शेवटच्या थांब्यानंतर एक ओळ घातली. बस तशीही कळंबोलीला जाणार, पनवेल तिथून हाकेच्या अंतरावर. मधे सगळ्यांचे थांबे झाले तरी गाडी आमच्या दारातून सरळ परीक्षेच्या दारात. एसटीची वाट बघणं नाही, बदलणं नाही. आणि ती ओळ मी काल संध्याकाळी, हिचा पेपर बुडू नये म्हणून, पुसून टाकली होती.

"मला सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही साहेबांना विचारायला गेला असतात," ती वरून म्हणाली. तिचा आवाज शांत होता. हॉल तिकीट मात्र तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. "तीनच्या आत पोचवणारी एसटी एकची, ती गेली. मी सोडली ती. बस येणार होती ना."

मी ड्रायव्हरला म्हटलं, मी सांगतो ना, घे गाडी पनवेलला. एवढा वेळ गरीब वाटणारा तो माणूस ताठ झाला. "सायेब, तुमीच बोल्ले व्हते. तोंडी कोनाचं आयकाचं नाय. मी बोल्लो तरी नाय, असं बोल्ले. ही सगली ऐकत व्हती." आणि त्याने साक्षीदार म्हणून काकांकडे बोट केलं. काकांनी शांतपणे मान हलवली. ऐकलं होतं म्हणाले.

मी म्हटलं, कागदावर पेनाने लिहून देतो. ड्रायव्हर म्हणाला, पेनचा कागद कम्प्युटरचा नसतो. कंत्राटदाराने त्याला सांगितलं होतं, भोकाचा कागद दाखवशील तरच डिझेल. ताई म्हणाल्या, मी कारखान्यात फोन करून कुणाला तरी ओळ घालून नवा कागद आणायला सांगते की. म्हटलं, नाही घालता येणार. का म्हणून त्यांनी विचारलं. मी मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हटलं, मी कुलूप लावलंय.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेने त्या आमटीची वाटी घेऊन आल्या होत्या, तीच नजर. काय बिनसलंय याचं, अशी. मग एकदम त्या बसमध्ये चढल्या, फळीपाशी गेल्या आणि माझ्या कागदाच्या कोपऱ्याखाली नख घातलं.

"डिंक?" त्या म्हणाल्या. "खळ नव्हती व्हय?"

डिंकाचे चारही थेंब टपाटप सुटले. खाली ताईंचा कागद, खळीने फळीला घट्ट बसलेला, कडांना भोकं, हिरवे पट्टे, वर त्या आठवड्याच्या तारखा. आणि सगळ्यात शेवटी, आमच्या बिल्डिंगच्या खाली, पनवेल, कॉलेजचं गेट.

ड्रायव्हरने तो पहिल्यापासून वाचायला घेतला. प्रत्येक ओळीवर बोट. माझा जीव टांगणीला. मासळी शुक्रवारची, ती गेली. दळण मागे राहिलं, पण दळणवाले उतरलेत. सासू उतरली, म्हणजे आलीच नव्हती. मग त्याचं बोट थांबलं. "काकांचं फाटक हाय. ते अजून व्हायचंय. पहिले मागं जावं लागंल."

मागे म्हणजे वळून दोन सेक्टर, सिग्नल नव्हते पण रस्ते खोदलेले. काकांच्या मनात काय चाललं होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इतका वेळ ते त्याच फाटकासाठी भांडत बसले होते. आता कागद त्यांच्या बाजूचा होता, ड्रायव्हर त्यांच्या बाजूचा होता.

काकांनी बांधलेले हात सोडले. "माझा थांबा राहू दे," ते म्हणाले. "पोरीला पेपर आहे. मी उतरतो पनवेलला."

"पन कागदावर—"

"कागदावर माझं उतरणं लिहिलंय ना? माझं मी बघतो. तू हाण."

त्याने हाणली. ताई उडी मारून खाली उतरल्या. कागद बघायला मी मुलीसकट पुन्हा पायरीवर चढलो होतो आणि उतरायचं राहूनच गेलं, म्हणून मीही निघालो. वाशी ते पनवेल बस कधी इतकी सरळ गेली नसेल. नेरूळ, बेलापूर, खारघरचे डोंगर, सगळं खिडकीतून मागे पळत होतं. ही समोरच्या सीटवर बसून ओठ हलवत काहीतरी घोकत होती. मी मधेच म्हटलं, होईल वेळेत. तिने बोट ओठांवर ठेवलं. मुलीने ते बघून स्वतःचंही बोट ओठांवर ठेवलं, आणि मग आम्ही तिघेही, म्हणजे मी, मुलगी आणि काका, कुणी काही बोललो नाही.

कॉलेजच्या गेटपाशी पहिली घंटा होत होती. ही उतरली, पदर खोचला, चार पावलं गेली आणि वळली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, राग किंवा निरोप किंवा निदान मुलीच्या दुधाबद्दल. ती म्हणाली, "सोमवारी ताईंना परवानगी द्या. फक्त ताईंना." आणि पळाली.

बस कळंबोलीला निघून गेली. मी, मुलगी आणि काका गेटाबाहेरच्या चिंचेखाली बसलो. तीन तास काढायचे होते. मुलगी काकांच्या खांद्यावर झोपली आणि त्यांच्या सदऱ्यावर लाळ गाळू लागली. मला वाटलं, हीच वेळ. मी काकांना ते वाचायचे चार, लिहायचे दोन पहिल्यापासून नीट समजावलं. जो माणूस वाचतो त्याने लिहायलाच हवं असं नाही, आणि न लिहू देणं म्हणजे अपमान नाही.

"म्हणजे पंगतीसारखं," काका म्हणाले. "जेवायला सगळे. वाढपी ठरलेले."

"हो."

"सगळ्यांच्या हातात पळी दिलीस तू."

"हो."

"आणि मग घाबरून सगळ्या काढून घेतल्यास. जेवणाऱ्यांची पानंही उचललीस." त्यांनी मुलीला जरा वर सरकवलं. "माझ्या फाटकाचं काय?"

म्हटलं, ताईंकडे अर्ज करा. वाढपी त्या. काका हसले. माझ्या लग्नानंतर ते माझ्याकडे बघून इतक्या मोकळेपणाने हसल्याचं मला आठवत नाही. म्हणाले, तुझ्या लग्नात जिलबी कमी पडली होती, माहितेय? मी स्वतःच्या अधिकारात सगळ्यांना डबल वाढत होतो. तुझे सासरे शेवटच्या पंगतीत रिकाम्या पानाकडे बघत बसले. हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

पेपर सुटला. मुलींचे घोळके बाहेर पडू लागले, ही सगळ्यांत शेवटी. बोटांना शाई, केस सुटलेले, चेहरा असा की बघून काही अंदाज येईना. आधी तिने काकांच्या खांद्यावरून मुलगी घेतली, तिच्या कपाळाला हात लावून बघितला, काकांचा ओला सदरा बघितला. मी विचारलं, कसा गेला. म्हणाली, सगळं लिहिलं. पुरवणी घेतली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "बस कुठे आहे?"

"कळंबोलीला. तुमच्या कागदावर पुढे काही नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग काकांकडे, आणि मग एकदम फुटल्यासारखी हसायला लागली. इतकी की पुढे गेलेल्या मुली वळून बघू लागल्या. "दोन आठवडे आम्ही दोघी जिन्यात बसून बेत करत होतो," ती म्हणाली. "जायचं कसं, जायचं कसं. परत यायचं आम्ही लिहिलंच नाही."

आम्ही एसटी स्टँडकडे चालायला लागलो. काका पुढे, वाटेत मुलीसाठी केळी घ्यायला थांबत. तो थांबा कुठल्याच कागदावर नव्हता.